पाय कुणी कुणाचे धुवायचे?

वसईतल्या आमच्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी संध्याकाळी फादर ज्या बारा जणांचे पाय धुणार होते, त्यांत माझ्या बायकोचं नाव आलं. माझे वडील त्याच आठवड्यात नगरहून आमच्याकडे आलेले. ते निवृत्त शिक्षक, नगरच्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलेले. तिकडे सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. त्यांची सून, म्हणजे माझी बायको, वसईची कॅथलिक, पेशाने नर्स. आमचं लग्न झाल्यापासून ती दोघं एकमेकांच्या उपासनांना जातात, मतं मात्र आपापली ठेवून. बुधवारी रात्री जेवणं आटोपल्यावर त्यांचा जो वाद झाला तो जमेल तसा उतरवून काढतो आहे. दोन पंथांमधला फरक त्यात आहेच, पण मला तो फरकापायी लिहावासा वाटला नाही.

गुड फ्रायडे सर्वांना माहीत असतो, निदान त्या दिवशी सुट्टी असते म्हणून. आदल्या दिवशीचा गुरुवार ख्रिस्ती घरांबाहेर फारसा कुणाला ठाऊक नसतो. येशूला अटक झाली त्या रात्रीचं हे स्मरण. वल्हांडण सणाचे दिवस होते. मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटका झाली म्हणून यहुदी लोक पाळतात तो हा सण. आपल्या कोकणातले बेने इस्राएलही तो पिढ्यान्पिढ्या पाळत आले, त्या दिवसांत आंबवलेलं काही खात नाहीत. येशू शिष्यांसोबत शेवटचा जेवला. शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांपैकी मत्तय, मार्क आणि लूक त्या जेवणातल्या भाकरीबद्दल आणि द्राक्षारसाबद्दल सांगतात, त्यावरच कॅथलिकांची मिस्सा आणि प्रॉटेस्टंटांचं प्रभुभोजन उभं आहे. योहान भाकरीचा तो प्रसंग सांगतच नाही. त्याच्या तेराव्या अध्यायात येशू जेवणावरून उठतो, अंगावरचं वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, घंगाळात पाणी ओततो आणि एकेका शिष्याचे पाय धुऊन पुसतो. मग पुन्हा बसून त्यांना सांगतो की मी गुरू असून हे केलं, तर तुम्हीही एकमेकांचे पाय धुतले पाहिजेत.

कॅथलिक चर्चमध्ये त्या संध्याकाळी हे सगळं पुन्हा घडतं. सुरुवातीला घंटा वाजतात आणि मग शनिवारच्या रात्रीपर्यंत मुक्या होतात. प्रवचनानंतर पाय धुण्याचा विधी. मिस्सा संपली की ख्रिस्तशरीर बाजूच्या सजवलेल्या वेदीवर नेऊन ठेवतात, मुख्य वेदीवरचं कापडसुद्धा काढून घेतात आणि लोक मध्यरात्रीपर्यंत पाळीपाळीने जागत बसतात. मास्तरांना या जागरणाबद्दल आदर आहे. त्यांचा आक्षेप पायांवर होता.

मास्तर : तू उद्या चर्चला निघताना पाय धुऊन निघशील ना?

सून : हो पप्पा. मळके पाय कुणापुढे कसे करायचे?

मास्तर : माझी अडचण तिथूनच सुरू होते, बाळ. त्या रात्री जे पाय पुढे आले ते यरुशलेमच्या रस्त्यांवरची धूळ घेऊन आले होते. धुण्याची गरज होती. उद्या गरज कुणाला आहे? घासूनपुसून आणलेला पाय, त्यावर चांदीच्या तांब्यातून पाण्याची धार, इस्त्रीचा रुमाल, आणि फोटो. मी कुणाच्या श्रद्धेला नावं ठेवत नाही. पण जे काम होतं त्याचा देखावा झाला, एवढं तरी मान्य कर.

सून : देखावा होऊ शकतो हे मान्य. पण म्हणून बंद करायचं?

मास्तर : इंग्लंडमध्ये काय झालं ते ऐक. तिथले राजे या गुरुवारी गरिबांचे पाय धुवायचे. शेवटचा धुणारा राजा दुसरा जेम्स, म्हणजे सतराव्या शतकाची अखेर. पुढे पाय धुणं गेलं आणि दान राहिलं. आजही राजा या दिवशी एखाद्या कॅथीड्रलमध्ये जातो आणि त्याचं जितकं वय तितक्या वृद्ध पुरुषांना आणि तितक्याच वृद्ध स्त्रियांना खास पाडलेली चांदीची नाणी देतो. २०२५ साली डरहॅमला शहात्तर पुरुष आणि शहात्तर स्त्रिया होत्या. सोबतच्या अधिकाऱ्यांच्या अंगावर अजून पांढरे रुमाल असतात आणि हातात फुलांचे गुच्छ. ते रुमाल एके काळी पाय पुसायला होते आणि गुच्छ वास येऊ नये म्हणून. रुमाल आहे, गुच्छ आहे, फक्त पाय नाही! विधीचं शेवटी असंच होतं.

सून : तुम्ही दरबाराचं सांगितलंत, मी स्वयंपाकघराचं सांगते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जे नियम लिहिले, त्यांत पाय धुणं वर्षातून एकदाच येत नाही. मठात स्वयंपाकाची पाळी आठवड्याची असे. शनिवारी ज्याची पाळी संपे त्याने भांडी घासायची, सगळ्यांनी हातपाय पुसलेले रुमाल धुवायचे, आणि ज्याची पाळी सुरू होणार त्याला बरोबर घेऊन सगळ्यांचे पाय धुवायचे. पाहुणा आला तर मठाच्या प्रमुखाने स्वतः त्याचे पाय धुवायचे. चिखलातून चालत आलेला पाहुणा, पप्पा. त्याला घरून पाय धुऊन ये असं कुणी सांगत नव्हतं.

मास्तर : मग चर्चने ते का नाही ठेवलं? माणसांच्या राहत्या घरात, चुलीपाशी?

मला वाटतं मास्तरांचा हा प्रश्न बरोबर ठिकाणी लागतो. साध्या पॅरिशमधला जो विधी आपण प्रभूच्या काळापासून जसाच्या तसा चालत आलेला समजतो, तो आजच्या रूपात फार जुना नाही. शतकानुशतकं पाय धुणं मठांत आणि कॅथीड्रलांत, मिस्सेपासून वेगळं होत असे. आणि या गुरुवारची मिस्सासुद्धा सकाळीच उरकली जाई. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी पवित्र सप्ताहाच्या उपासनांची फेररचना केली. मिस्सा संध्याकाळी आली आणि पाय धुण्याचा विधी गावोगावच्या चर्चमध्ये मिस्सेच्या आत करायला मुभा मिळाली. म्हणजे माझ्या बायकोच्या आजीने तरुणपणी हा विधी आपल्या गावच्या चर्चमध्ये पाहिला नसणार. सुनेने हे ऐकलं तेव्हा ती हिरमुसली नाही, उलट म्हणाली की मग तो बदलताही येतो.

मास्तर : बदलतो, पण किती उशिरा! पायच धुवायचे, त्यातही बाईचा पाय चालत नव्हता.

सून : खरं आहे. नियमात पुरुष असंच लिहिलेलं होतं. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस निवडून आले आणि दोनच आठवड्यांत पवित्र गुरुवार आला. ते रोमच्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि तिथल्या बारा मुलामुलींचे पाय धुतले. त्यात मुली होत्या, मुसलमानही होते. लोक अवाक् झाले, काही चिडले. नियम बदलला तो जानेवारी २०१६ मध्ये. आणि त्या वर्षी ते रोमजवळच्या निर्वासितांच्या केंद्रात गेले, तिथल्या बारांमध्ये भारतातला एक हिंदू होता. २०२४ मध्ये स्त्रियांच्या तुरुंगात गेले तेव्हा ते चाकाच्या खुर्चीवर होते, बाराही बायका होत्या. २०२५ च्या गुरुवारी पुन्हा तुरुंगात गेले, पण वाकता येईना म्हणून पाय धुऊ शकले नाहीत. त्यानंतरच्या सोमवारी ते वारले. याला तुम्ही देखावा म्हणाल?

मास्तर : नाही म्हणणार. त्या माणसाने पाय शोधत जायचं ठरवलं. पण त्यांनी चर्च सोडून तुरुंग गाठला, हे तू विसरू नकोस. आणि तुमच्यातल्याच केरळच्या सीरो-मलबार चर्चने ती मुभा घेतली नाही, तिथे अजून पुरुष आणि मुलगेच बसवतात.

सून : हो. माझ्या हॉस्टेलमधल्या मल्याळी मैत्रिणींचं त्यावर काय मत होतं ते विचारू नका. पण त्यांच्याकडची एक गोष्ट मला फार आवडते. या गुरुवारी रात्री ते घरी अप्पम करतात, तांदूळ आणि उडदाचा, न आंबवलेला. वर आदल्या रविवारी चर्चमध्ये मिळालेल्या झावळीचा क्रूस. सोबत गूळ आणि नारळाच्या दुधाची खीर. घरातलं मोठं माणूस प्रार्थना करून तो मोडतं आणि सगळ्यांना वाटतं. वर्षभरात ज्या घरात मृत्यू झाला असेल तिथे तो करत नाहीत, शेजारी आणून देतात. तुम्ही म्हणता ना, चुलीपाशी? तिथे ते चुलीपाशी आहे.

एवढ्यावर वाद संपता तर तो नेहमीसारखा माहितीच्या देवाणघेवाणीचा झाला असता. पण मास्तर उठून खिडकीशी गेले आणि परत येऊन बसले. त्यांचा आवाज बदललेला होता. इथून पुढचं मी शक्यतो त्यांच्याच शब्दांत देतो.

मास्तर : बाळ, तू वसईत वाढलीस. आमचं नगरकडचं वेगळं आहे. आमच्या लोकांपैकी बहुतेक जण महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून ख्रिस्ती झाले. माझ्या आज्याला पाटलाच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. उन्हाळ्यातसुद्धा. आमच्या घरात पाय हा अब्रूचा विषय होता. माझ्या वडिलांनी मिशनच्या शाळेत मास्तरकी धरली आणि पहिल्या पगारातून बूट घेतले. चपला नाही, बूट. आणि ते घालून त्याच आळीतून गेले. आईने मला हे इतक्या वेळा सांगितलंय की मीच ते बघितलं असं मला वाटतं. आणि पाणी? आपल्या माणसांनी पाण्याला हात लावावा म्हणून बाबासाहेबांना १९२७ साली महाडला जावं लागलं. पाय आणि पाणी, या दोन गोष्टींवरून आपल्याकडे माणसं कापली गेली आहेत. तू मला सांग, या देशात वर्षातून एकदा वरचा माणूस खाली वाकला तर त्याचं कौतुक होतं. जो जन्मभर वाकलेला आहे त्याच्या वाकण्याला कोण विधी म्हणतं? चर्च झाडणारी बाई आहे ना तुमच्याकडे? ती बारांमध्ये आहे?

सून : या वर्षी नाही.

मास्तर : आजवर कधी?

सून : मला माहीत नाही, पप्पा. बहुतेक नाही.

मास्तर : मग मी कशाला टाळ्या वाजवू?

मास्तरांच्या या बोलण्याला मी स्वतः उत्तर देऊ शकलो नसतो. भारतात पाय धुणं नवीन नाही. गुरूचे धुतो, जावयाचे धुतो, साधूचे धुतो. आपल्याकडे पाणी नेहमी खालच्याकडून वरच्याकडे जात आलं. योहानाने सांगितलेल्या प्रसंगाचं बळ सगळं दिशा उलटण्यात आहे, आणि जिथे ती दिशा माणसांच्या पाठीवर कोरली गेली त्या समाजात चर्चने दरवर्षी बारा मानाच्या माणसांना खुर्च्यांवर बसवावं, ही गोष्ट मला खुपते. हे माझं मत, आणि ते मी फादरांनाही सांगितलेलं आहे.

सून : तुमचं म्हणणं मी खोडत नाही. पण मला एक दुसरीच गोष्ट सांगायचीय. मी रोज पाय धुते. मधुमेहाचे पाय असतात, बधिर झालेले. माणसाच्या तळव्यात काच घुसलेली असते आणि त्याला पत्ता नसतो. वीटभट्टीवरच्या बाया येतात, टाचा इतक्या फुटलेल्या की त्यात माती घट्ट बसलेली असते. जखम साफ करायची म्हणजे आधी पाय धुवायचा. मला त्यात काही मोठं वाटत नाही, ते माझं काम आहे आणि त्याचा मला पगार मिळतो. पण दर थोड्या दिवसांनी एखादी म्हातारी पाय मागे ओढून घेते. सिस्टर, तुम्ही नका हात लावू, म्हणते. दुखतं म्हणून नव्हे. तिला ते सोसवत नाही. आयुष्यभर तिने सगळ्यांचं केलं, तिचं कुणी केलं नाही. आणि पप्पा, त्या रात्री शिष्यांतल्या पेत्राने नेमकं हेच केलं. तो म्हणाला, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत.

मास्तर : आणि प्रभूने त्याला सांगितलं की मग तुझा माझा संबंध उरत नाही.

सून : हो ना! किती कडक उत्तर आहे ते. धुणाऱ्याला तो नंतर आज्ञा देतो. धुवून न घेणाऱ्याला आधी दम देतो. माझं नाव यादीत आलं तेव्हा मला नाही म्हणावंसं वाटलं होतं. दुसऱ्याचे पाय धुवायला सांगितलं असतं तर मी लगेच उठले असते. बसून राहायचं आणि कुणीतरी आपला पाय हातात घ्यायचा, याची मला लाज वाटत होती. आणि तुम्हाला राग आला तर येऊ दे, पण तुमच्या घरात बुटांमध्ये जी अब्रू सांभाळली गेली, ती सांभाळायलाच हवी होती, पण तिने तुम्हालाही कुणाकडून काही घेणं शिकवलं नाही. मागच्या वर्षी तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही पायजमासुद्धा स्वतःच चढवत होता.

मास्तर : ते खरं आहे.

सून : आणखी एक. योहानाच्या बाराव्या अध्यायात काय आहे ते तुम्हीच मला दाखवलं होतं. वल्हांडणाच्या सहा दिवस आधी बेथानीला मरियेने येशूच्या पायांना महागडं सुगंधी तेल लावलं आणि आपल्या केसांनी ते पुसले. येशूला धरून देणारा यहूदा म्हणाला, हे तेल विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत? येशूने तिला थांबवलं नाही. म्हणजे बघा, त्याने दुसऱ्यांचे पाय धुण्याच्या आधी स्वतःचे पाय एका बाईच्या हाती दिले होते. आधी घेतलं, मग दिलं. योहानाने हे दोन अध्याय असे शेजारी ठेवले याला काही कारण असेल ना?

मास्तर : मी हे असं कधी लावून पाहिलं नव्हतं. पण यहूदाचं नाव काढलंस तर त्याचंही पूर्ण कर. त्या रात्री तो उठून अंधारात गेला ते पाय धुऊन झाल्यावर. प्रभूला सगळं माहीत होतं आणि त्याने त्याचेही पाय धुतले. इथे माझी मती चालत नाही. आपल्या आज्याला अनवाणी चालवणाऱ्याचे पाय मी धुवावेत का?

सून : तुम्हाला ते करा असं सांगण्याचा अधिकार मला नाही. पाटलाच्या आळीतल्या माणसाने आधी यावं.

मला सुनेचं हे उत्तर महत्त्वाचं वाटतं. क्षमेचा उपदेश पीडिताला करणं चर्चला नेहमी सोपं गेलं आहे. तिने तो केला नाही.

मग मास्तरांनीच विषय पुढे नेला आणि मला माहीत नसलेली एक गोष्ट सांगितली. पाय धुणं फक्त कॅथलिकांचं आहे असं नाही. अमेरिकेतली चर्च ऑफ द ब्रेदरन ही शांततावादी मंडळी. तिची माणसं १८९० च्या दशकात गुजरातेत वलसाडला आली आणि तिथून आपल्या डहाणूपर्यंत काम पसरलं. डहाणूचा त्यांचा दवाखाना जुन्या लोकांना आठवतो. त्यांच्या प्रीतिभोजनात तीन गोष्टी एकापाठोपाठ येतात : पाय धुणं, सर्वांनी मिळून साधं जेवण, आणि मग प्रभुभोजन. १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा ही मंडळी आणि मास्तरांची नगरची मंडळी एकाच छताखाली आली.

मास्तर : त्यांच्यात बारा जण नसतात. पुरुष पुरुषांच्या रांगेत बसतात, बायका बायकांच्या. शेजाऱ्याने शेजाऱ्याचे धुवायचे आणि पुसायचे, मग ज्याचे धुतले त्याने रुमाल आपल्या कमरेला बांधून पुढच्याचे. रांग फिरत येते. पाळकही रांगेतच. त्याचेही पाय कुणीतरी धुतं. बाळ, उद्या फादर बारा जणांचे पाय धुतील. फादरांचे कोण धुणार?

सून : कुणी नाही. तसं विधीत नाही.

मास्तर : प्रभूने एकमेकांचे असं सांगितलं होतं. तू म्हणतेस की घेणं अवघड असतं. मग ते अवघड काम वेदीवरच्या माणसाला का नाही? देणारा कायम तोच राहिला तर तो वाकूनही वरच राहतो.

सून : हे मात्र तुम्ही माझ्याच मुद्द्याने मला सांगितलंत.

मास्तर : शुक्रवारी भायखळ्याच्या मराठी चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन उपासना आहे. प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी पाचवा माझ्याकडे दिलाय, तहान लागल्याचा. मी वेगळंच लिहून आणलंय. आता वाटतं, तिथेही तो मागतोच आहे. मरताना प्यायला मागतो, आणि आंब ओठाला लावतो कोण, तर मारणाऱ्यांपैकीच कुणीतरी. हे आज रात्री परत लिहावं लागणार.

सून : लिहा. पण आधी एक सांगा. उद्या आयत्या वेळी बारांतलं कुणी आलं नाही आणि फादरांनी तुम्हाला बोलावलं, तर बसाल?

मास्तर : नाही.

सून : पप्पा!

मास्तर : एका अटीवर बसेन. माझे धुऊन झाले की फादरांनी त्याच खुर्चीवर बसायचं. रुमाल माझ्या कमरेला.

सून : उद्या सकाळी जाऊन विचारते. झाडणाऱ्या मावशींचंही विचारते, या वर्षी नाही तर पुढच्या. पण क्रम लक्षात ठेवा, आधी तुमचा पाय, मग त्यांचा. तो मी बदलू देणार नाही.